नवरा आहे ना आता?

“कॅलिपर काढून ठेव.”

अपंगांच्या संस्थेचे सेक्रेटरी एवढंच म्हणाले. मल्लेश्वरमच्या त्या व्हरांड्यात आंधळे, पांगळे, त्यांचे नातलग, सगळे बसलेले. मी लग्नातल्या साडीत. लहानपणी तापात माझा उजवा पाय लुळा पडला. लोखंडी सळ्यांचा तो कॅलिपर पायाला बांधला की उभी राहायची. तो संस्थेनं दिलेला. महिन्याची मदतही तिचीच.

“पाय तर तसाच आहे, साहेब.”

“नवरा आहे ना आता? तो बघेल. का पाय न बघताच केली तुला?”

लोक हसले. माझ्यासारखेच होते ते. तेही हसले.

मी खाली बसले. पट्टे सोडले. भिंत होती तोवर भिंत धरून गेले. पुढे फाटकापर्यंत हातांवर सरकत. साडी मातीत. कुणी उठलं नाही.

नवरा चिकपेटात कापडाच्या दुकानात कामाला. वाईट माणूस नाही. त्याच्या पगारात दोन पोटं कशीबशी भरायची, नवा कॅलिपर कुठला? त्यानंच तोड काढली.

“तुझ्या अण्णाकडे जाऊन राहा. नवऱ्यानं टाकली म्हणून सांग. स्वल्प दिवस. मी रविवारी येत जाईन. सरी? चालेल ना?”

अण्णा माझा थोरला भाऊ, तोही हो म्हणाला. मी संस्थेत तसं सांगितलं. मदत सुरू झाली, कॅलिपर मिळाला. गळ्यातलं काढून वहिनीकडे दिलं. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाचं बोलावणं वहिनीला द्यायच्या, माझ्याकडे बघायच्या नाहीत. नवरा यायचा तो पाहुण्यासारखा बाहेरच बसायचा. कुणी बघेल म्हणून. मग रविवारही चुकायला लागले. घर माणसांनी भरलेलं, आणि मला बोलायला कुणी नाही.

संस्थेचा वार्षिक समारंभ आला. देणगीदार पुढच्या खुर्च्यांवर. सेक्रेटरींनी मला उभं केलं.

“सांग यांना. तुझं या जगात कुणी नाही म्हणून सांग.”

मी पुढच्या खुर्च्यांकडे पाहिलं. नुसता पांगळा पाय यांना पुरत नव्हता. जिला माणूसच नाही अशी बाई हवी होती. तिथं उभ्या उभ्या कळलं.

“मला नवरा आहे,” मी म्हणाले. “चिकपेटात असतो. लग्न केलं म्हणून पाय बरा झाला नाही.”

या वेळी कुणी हसलं नाही.

“काढ तो कॅलिपर!”

“माझ्या पायाच्या मापाचा आहे. देणार नाही.”

चालत बाहेर आले.

मदत बंद झाली. नवऱ्याच्या खोलीवर परतले. तो म्हणाला, “गप्प बसली असतीस तर काय गेलं असतं तुझं?” अजूनही एका खोलीत दोघं असतो आणि मी एकटी.

आता मदत मागायला सरकारी कचेरीत जाते. एकटीच. तिथंही पहिला प्रश्न तोच. हाकलतात. पुन्हा जाते. आधी नवऱ्याचं नाव सांगते, मग पाय दाखवते. नवरा माझा, पायही माझा. एकासाठी दुसरा लपवणार नाही.