लग्नस्थळ : वधूपित्याचा ऊस

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून आमच्या मामेसासऱ्यांइतका अस्वस्थ माणूस दुसरा कुणी दाखवला, तर माझी गाडी मी त्याला बक्षीस देऊन टाकीन. गाडी तशी जुनी आहे आणि तिची हाडं खिळखिळी झाली तीही मामांमुळेच, तेव्हा बक्षीस घेणाऱ्याचं फार भलं होईल अशातला भाग नाही. मामा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि आता पलूसजवळच्या गावी ऊस पिकवतात, असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे ऊस आपला आपण पिकतो, मामा त्याच्या कडेनं येरझाऱ्या घालतात. चहा पितात तो अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. जेवायला बसले की भाकरीचा एक तुकडा मोडायचा आणि विहिरीवरची मोटर चालू आहे का ते बघून यायचं. एकदा कोरेगावला आमच्याकडे मुक्कामाला आले, तर आम्ही उठायच्या आत त्यांनी पाण्याची टाकी धुतली, परसातला पेरू छाटला आणि शेजाऱ्यांचं कलतं फाटक सरळ करून टाकलं. शेजारी अजून मला विचारतात, ते मिस्त्री कुठले होते म्हणून.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगी कुपवाडच्या एका कारखान्यात हिशेब बघते, नवरा मुलगा आमच्या कोरेगावचा. मंगल कार्यालय आपल्याला झेपणार नाही, हे मामांनी व्याह्यांना पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. लग्न उघड्यावर होईल, पण जागा अशी शोधतो की कार्यालयवाल्यांनी बघत राहावं, असंही वर ठोकून दिलं. व्याही भला माणूस, हसून हो म्हणाला.

खरी अडचण जागेची नव्हतीच, ती मामींची होती. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून मामी सोप्यातल्या खाटेवर आहेत. उजवं अंग गेलं, पण जीभ शाबूत राहिली आणि पहिल्यापेक्षा जरा धारदारच झाली. लग्नाला आपण येणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं. चौघांनी उचलून आणलेली आई बघायला लोकांची झुंबड उडायची, त्यापेक्षा आपण घरीच बऱ्या. पोरगी रडली, माझ्या बायकोनं समजूत घातली, मामी हलल्या नाहीत. मामांनी मात्र वाद घातला नाही. ते थेट माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"जागा झ्याक गावली की तिचं मन फिरतंय बगा," ते म्हणाले. "पावणं, गाडी काडा."

त्या दिवसापासून माझे रविवार गेले. कोरेगावजवळच्या एका लॉनपासून सुरुवात झाली. मॅनेजर हिरवळ, कारंजं, नवरा-नवरीचा झोपाळा असं कौतुकानं दाखवत होता. मामांनी यातल्या एकाही गोष्टीकडे पाहिलं नाही. मधोमध गेले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि सरळ उताणे पडले. मॅनेजर पाणी आणायला धावला. मामा तिथूनच म्हणाले, हितनं नुसता दिव्याचा खांब दिसतोय, बोहलं कुठं दिसतंय? मामी खाटेवर पडून जे बघणार ते आधी आपण पडून बघायचं, असा त्यांचा हिशेब होता. तो मला समजला तेव्हा गहिवरून आलं. पण पुढच्या जागेवर त्यांनी मलाही आडवं पडायला लावलं आणि माझा सगळा गहिवर जागच्या जागी विरला.

मग आम्ही दोन्ही जिल्ह्यांत जागोजागी आडवे पडलो. कृष्णाकाठच्या एका मैदानात पडलो, तिथं मुंग्या होत्या. एका देवळापुढच्या माळावर पडलो, तिथं एक कुत्रं शेजारी येऊन आमच्याआधी झोपी गेलं. कुपवाडला एका बंद कारखान्यापुढचं पटांगण रिकामं होतं. तिथं मामांना पडलेलं बघून रखवालदारानं हळूच मला विचारलं, उपोषण कुठल्या मागणीसाठी आहे?

संध्याकाळी परत आल्यावर मामींपुढे सगळा वृत्तांत व्हायचा. मामा जागेचं वर्णन करताना खाटेभोवती फिरत असत, त्यामुळे मामींना त्यांच्यामागे डोळे फिरवत ऐकावं लागे. नदीकाठ त्यांनी एका वाक्यात निकालात काढला. तिथलं वारं असं, की अक्षता टाकल्या तर कर्नाटकात पडतील. माळावर पिण्याच्या पाण्याचं काय, हे त्यांनी विचारलं आणि मामांनी माळाचं नाव टाकलं. कुपवाडचं नाव काढल्यावर तर त्या म्हणाल्या, "पोरगी रोज जातीया तितं. लगीन बी डूटीवरच लावायचं व्हय?"

इकडे दिवस सरत चालले. पत्रिका छापायला जायची होती आणि तिच्यात स्थळाची ओळ कोरी होती. व्याही मला कोरेगावच्या बाजारात गाठून विचारू लागले. मी आपलं पाहणी चालू आहे म्हणून वेळ मारून नेत होतो. मुलगी वडिलांना काही बोलत नसे. आई नसेल तर मांडव दाराशी घातला काय आणि दिल्लीत घातला काय, असं ती माझ्या बायकोला म्हणाली होती. ते मामांच्या कानावर गेलं आणि त्यांचं जेवणातलं उरलंसुरलं लक्षही उडालं.

शेवटी एका संध्याकाळी, पलूसच्या पुढची एक जागा कशी दिसते हे सांगताना मामांना शब्द सापडेनात. तेव्हा ते दाखवण्यासाठी मामींच्या खाटेशेजारी फरशीवरच आडवे झाले. मी उंबऱ्यापाशी चहा घेत होतो. मामांनी दाराकडे हात केला आणि तो हात तसाच राहिला. समोर अंगण, आणि अंगणाला लागून त्यांचाच ऊस, माणसाच्या दुप्पट उंच, हिरवा आणि गच्च. त्याच्या पलीकडचं काही म्हणता काही दिसत नव्हतं.

"इतकं दिस तू हेच बगतीयास व्हय?" त्यांनी विचारलं.

"मग काय शिनेमा बगतीया?" मामी म्हणाल्या.

मामा उठले ते पत्रिका घेऊन छापखान्यातच गेले. स्थळ छापलं, वधूपित्याचे शेत. ऊस अजून उभा होता, हे छापखानेवाल्याला सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. पत्रिका वाटल्या गेल्या आणि माणसं कुतूहलानं शेत बघायला येऊ लागली. वऱ्हाडाला पंगतीत बसवणार की उसाच्या सरीत, असं विचारू लागली. साखर कारखान्याची ऊसतोड काही येईना, तोडकऱ्यांची टोळी भलत्याच गावात अडकलेली. मग मामांनी ऊसतोडीच्या ऑफिसात मुक्काम ठोकला. भांडले नाहीत, अर्ज केला नाही, नुसते साहेबांच्या टेबलापुढून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिले. साहेबांनीच अखेर हात जोडले म्हणे.

टोळी आली तेव्हा लग्न तोंडावर आलं होतं. ऊस गेला, पण खाली बुडखे राहिले, टोकदार. ते राखले असते तर त्यातून फुकटात दुसरं पीक आलं असतं. मामांनी ट्रॅक्टर घालून सगळं उपटलं आणि रान सपाट केलं. हाताशी आलेला खोडवा मोडून कुणी मांडव घालतं का रं, म्हणून भावकीनं तोंडसुख घेतलं. एरवी शब्दाला शब्द देणारे मामा त्या वेळी पाण्याचा पाईप धरून धूळ बसवत होते.

लग्न झालं ते मात्र दृष्ट लागण्यासारखं. मामींना कुणी उचललं नाही, कुणी मिरवलं नाही. खाट होती तिथंच, दारात. बोहलं त्यांच्या नजरेच्या समोर. नवरी आधी येऊन त्यांच्या कुशीत डोकं ठेवून गेली. मामींनी तिथूनच आचाऱ्याला, भटजींना आणि मला कामं सांगितली आणि मुहूर्ताला डाव्या हातानं अक्षता टाकल्या. माझे डोळे भरून आले, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

मग पाठवणी झाली. ऊस असता, तर गाडी अंगणातून वळली की दिसेनाशी झाली असती. आता रान मोकळं होतं. गाडी बांधावरून गेली, ओढ्याच्या पुलावरून गेली, पार डांबरी रस्त्याला लागून लहान होत गेली, आणि मामी ती शेवटपर्यंत बघत होत्या. इतक्या जागा तपासलेल्या माणसानं एवढी एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. मामा खाटेपाशी उभे होते. मामींकडे बघायचा त्यांना धीर होत नव्हता.

पुढे उसाच्या लागणीचे दिवस आले तेव्हा मी तिथंच होतो. मामा चाचरत मामींना म्हणाले, पुन्यांदा ऊसच लावतो, मंजी तो रस्ता तुझ्या डोळ्यांपुढं नगं.

"नगं," मामी म्हणाल्या. "भुईमूग लावा. जाताना दिसली, तशी येताना बी दिसंल की."

त्या रानात यंदा भुईमूग आहे. डांबरी रस्त्यावर पलूसची बस थांबली की मामी उशीवरून मान जरा वर करतात.