धड पाठ

पाऊस उघडला की आमच्या जळोचीच्या घरामागं गाजरगवत कंबरेएवढं वाढतं, आणि दिवाळीच्या आत ते काढायचं काम माझं. कुणी ठरवलं, विचारू नका. लग्न होऊन आले तेव्हापासून खुरपं माझ्याच हातात आहे. दरवर्षी मी रागारागात एका दिवसात परडं साफ करायची, दरवर्षी माझी कंबर धरायची, आणि भाऊबीजेला पळसदेवला आईकडं जायचं राहून जायचं. आई तिथं एकटी असते. भाऊ त्या दिवशी कामाच्या गावाहून येतो, ओवाळायला बहीण नसते, जेवून परत जातो. मी इकडं पोटाखाली उशी घेऊन पडलेली. गेल्या साली आई फोनवर म्हणाली, "तुझी कंबर दिवाळीच बघती का गं?" हसत म्हणाली, पण मला ते फार लागलं.

म्हणून औंदा ठरवलं, गवत राहिलं तर राहू दे, पाठ जाऊ द्यायची नाही.

दसरा झाल्या झाल्या सुरुवात केली. उठल्या उठल्या वाकायचं नाही, आधी अंगणात फेऱ्या मारून अंग मोकळं करायचं. आदल्या सांजंला गवताच्या बुडाशी पाणी मारून ठेवायचं, म्हणजे उपटताना हिसका द्यावा लागत नाही. हिसक्यानंच घात होतो. बसायला न्हाणीतला पाट नेला. गवत ओढायच्या दाताळ्याचा दांडा आखूड होता, तो काढून माझ्या खांद्याएवढा लांब घालून घेतला. पाटी अर्धीच भरायची, गुडघ्यात वाकून उचलायची. आणि पाठीत जरा कुठं कळ आली की खुरपं टाकून सरळ उठायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण समोर पायरीवर सासू बसलेली असते.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उमेदीत मेंढरांमागं रानोरान हिंडलेल्या. मला पाटावर बसलेलं बघून त्यांच्या तोंडाला धारच आली. "बघा गं बघा, पाटावर बसून गवत काढतीया. हळद लागायचीय का हिला?" शेजारणीला हाक मारून दाखवायच्या. अर्धी पाटी घेऊन निघाले की, "अंडी हायती का गं पाटीत?" मी पाटी ओतून परत पाटावर बसायची. उलटून बोलायला मला येतं, चांगलं येतं. पण भांडले की माझे खांदे आवळतात, आणि औंदा मला आवळून चालणार नव्हतं.

वसुबारस आली तरी शेवग्याखालचा एक कोपरा राहिला होता. "उद्या काढते," म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. आत्याबाईंना काही ते बघवेना. चहाला उकळी येतेय तोवर बाहेरून, "आई गं! मेले गं!" पळत गेले तर म्हातारी शेवग्याखाली कंबरेत वाकलेली, मुठीत गवताचा झुबका, तो सोडायलाही येईना. सगळा कोपरा एका दमात उपसला होता आणि उसण भरली होती.

मालकांनी आणि मी धरून त्यांना ओसरीवर आणलं, पालथं निजवलं. तर म्हणतात कशा, "लाथ मार." मी पायाळू आहे, म्हणजे पायांकडून जन्मलेली, आणि पायाळू माणसानं पाय लावला की उसण जाते असं आमच्याकडं मानतात. मी काही मानत नाही. पण सासू स्वतःच्या तोंडानं सांगतेय, लाथ मार! खरं सांगते, पाय उचलला तेव्हा माझ्या डोळ्यापुढं पळसदेवला जाणारी एसटी होती आणि ती मला सोडून चालली होती. खाली त्यांची पाठ, लुगड्यातून मणका न् मणका दिसणारी. मी टाच नुसती टेकवली. तेवढ्यानंही त्या कळवळल्या.

मग रिक्षानं बारामतीत डॉक्टरकडं नेलं. सुई, गोळ्या, आणि दिवाळी होईतो अंथरूण सोडायचं नाही. घरी येऊन त्यांना निजवलं आणि मालक म्हणाले, "बरं झालं, तुझी तरी पाठ धड हाय. आईचं करायला कुणीतरी पायजेच हुतं."

बरं झालं म्हणे! एवढी जपली ती ह्यासाठी होय?

"तुमची बी पाठ धडच हाय की," मी म्हणाले. "दोन दिस तुमी करा. मी भाऊबीज करून येते."

ते म्हणाले, "करतो. त्यात काय?" मनापासून म्हणाले, खोटं कशाला सांगू. मी पिशवी काढलीसुद्धा.

तेवढ्यात आतून हाक आली, "मोरीत न्हे गं मला." मालक उठले, आत गेले, आईला उठवायला हात पुढं केला. आत्याबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "तू नगं. तिला पाठीव." त्यांचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. लेकाच्या हातानं लुगडं सावरून घ्यायचं म्हणजे त्यांना मरण. घरात दुसरी बाई नाही. मला ते समजलं, आणि समजलं म्हणून जास्तच राग आला. नुसता हट्ट असता तर मी गेले असते. पिशवी खुंटीला लावली आणि त्यांना उठवलं.

भाऊबीजेला सकाळीच आईचा फोन आला. मी परड्यात गेले.

"निघालीस का गं?"

"न्हाय गं आई."

"का? कंबर का?"

खरं सांगितलं असतं तर ती कुढत बसली असती, लेक धडधाकट असून तिला सोडत न्हाईत म्हणून. माझ्या कंबरेची तिला सवय होती.

"व्हय," मी म्हणाले. "धरली परत."

"तरी तुला म्हणलं हुतं, जपून वाक. पडून ऱ्हा आता, उठू नगं."

मी ताठ उभी होते, अंगात कुठं एक कळ नव्हती. "पडलेच हाय," म्हणाले, आणि आतून आत्याबाईंची हाक आली म्हणून फोन ठेवला.