सेतुमाधवरावांचं बिनचावीचं घड्याळ

मद्रासमधल्या तिरुवल्लिक्केणीच्या त्या गल्लीत सेतुमाधवरावांना वेळ विचारायची पाळी कुणावर येत नसे. ते न विचारताच सांगत. भाजीवालीकडे वांगी निवडताना, देवळाच्या दारात चपला काढताना, अहो, कुणाच्या प्रेताला खांदा द्यायला उभे असतानासुद्धा! डावा हात झोकात वर जाई, कोटाची बाही मागे सरे, मान जराशी तिरपी होई आणि उद्गार निघे, "सहा वाजून बावीस मिनिटं." एकवीस नाही, तेवीस नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, सूर्यनारायण यांना विचारूनच उगवतो.

माणूस तसा साधा. नुंगंबाक्कमच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. पूर्वज मराठा राजांबरोबर तंजावरला आले आणि तिथलेच झाले, नातवंडं-पतवंडं पोटासाठी मद्रासला आली. घरात मराठी, दारात तमिळ आणि साहेबासमोर इंग्रजी, असं त्यांचं तीन कप्प्यांचं आयुष्य सुखात चाललं होतं. वडिलांचं एक खिशातलं जुनं घड्याळ होतं, त्याला रोज सकाळी चावी द्यायची आणि दिवस काढायचा. पण अठ्ठावन्न साली त्यांचा मेहुणा सुब्बा, जो सिंगापूरच्या बोटीवर नोकरीला होता, त्यानं सोन्याच्या डबीचं स्विस घड्याळ आणून दाखवलं, आणि गड्याची झोप उडाली. चार महिन्यांचा पगार त्या घड्याळात गेला. बायको विशालाक्षी आठ दिवस बोलली नाही, आणि मग बोलली तेव्हा ती न बोललेलीच बरी होती असं त्यांना वाटलं.

"भावोजी, हे चावीचं नव्हे हं," सुब्बानं बजावलं होतं. "हात हलला की आतल्या आत आपोआप चावी बसते. बाहेरून चावी द्यायला जाल तर बिघडेल. तुम्ही फक्त हात हलवत राहा."

आता झाली का पंचाईत! कारण सेतुमाधवरावांचा डावा हात हलणाऱ्यातला नव्हताच. कचेरीत उजवा हात लिही आणि डावा रजिस्टरवर कागद उडू नयेत म्हणून पडून राही. त्यात घड्याळ आल्यावर तर ओरखडा पडेल या धास्तीनं बसमध्ये ते डावा हात छातीशी धरून उभे राहत. कंडक्टर विचारी, "हात मोडला का, सार?" शिवाय पट्टा चामड्याचा. सोवळ्यात चामडं चालत नाही, म्हणून पूजेला घड्याळ काढायचं. आंघोळीला काढायचं, जेवताना काढायचं, झोपताना तर काढायचंच. म्हणजे दिवसातले पंधरा तास घड्याळ देवघराबाहेरच्या कोनाड्यात, आणि उरलेले नऊ तास मनगटावर असूनही कोनाड्यातच.

त्यामुळे व्हायचं ते झालं. कोनाड्यात ते गुपचूप बंद पडे, आणि रावांनी मनगटावर बांधून झोकात हात वर केला की त्या झटक्यानं पुन्हा चालू होई. जेव्हा बघावं तेव्हा चालूच! बंद पडलेलं त्यांना कधी दिसणार? पहिल्याच आठवड्यात त्यांची मुलगी सीतालक्ष्मी म्हणाली, "अप्पा, रेडिओवर साडेसात झाले, तुमच्यात सात दहा आहेत."

"तो रेडिओ पुढे गेला असेल," अप्पा गरजले. "स्विस घड्याळ मागे पडत नाही. मागे पडतं ते तुमचं डोकं!"

आणि खरंच, दुसऱ्या आठवड्यापासून घड्याळ मिनिटाला मिनिट धरून चालू लागलं. राव मिशीत हसून म्हणाले, "नवी सून जशी घराला रुळते, तसं ते रुळलं."

मग काय विचारता! मद्रासेतल्या आमच्या तंजावरकडच्या लोकांत मुहूर्त म्हणजे मुहूर्त, आणि राहुकाळ म्हणजे तर घरात शिरलेला नाग. पूर्वी गुंडोभटजी अंगणात उतरून खांबाची सावली बघत आणि वेळ सांगत. सोन्याचं घड्याळ आल्यावर त्यांना सावलीकडे बघायची लाज वाटायला लागली. मंगळसूत्र कधी बांधायचं, पाळण्यात नाव कधी ठेवायचं, नव्या घरात दूध कधी उतू घालवायचं, सगळं सेतुमाधवरावांचा डावा हात सांगे. दोन वर्षांत अकरा लग्नं त्या हातानं लावली. लग्नघरी त्यांना पुढचं पान आणि पायसमची, म्हणजे खिरीची, पहिली वाटी. वरमाईपेक्षा घड्याळाचा मान मोठा!

घरात मात्र एक काळजी जागची हलत नव्हती. सीता तेवीस वर्षांची झाली. तीन ठिकाणी बोलणी होऊन मोडली होती. एकदा पत्रिका आडवी आली, एकदा रंग, आणि तिसऱ्यांदा मुलानं कलकत्त्याला परस्पर कुणाशी तरी लग्न करून टाकलं. विशालाक्षी रात्रंदिवस देव पाण्यात घालून बसली होती. अशात गिंडीच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरचं स्थळ आलं. मुलगा सालस, वडील राजगोपालराव भिडस्त, आणि घरात सत्ता आजीची, राजसबाईंची. मुलगी सगळ्यांना पसंत पडली. राजसबाईंनी एवढंच सांगून पाठवलं, "निश्चयतांबूल चांगल्या वेळेवर झालं पाहिजे. राहुकाळात तांबुलाचं ताट हललं तर मी उठून जाईन. मागं एकदा गेले आहे."

"वेळ?" सेतुमाधवराव छाती फुगवून म्हणाले. "वेळेची चिंता त्यांनी माझ्या घरी करायची? जावयालासुद्धा असलंच घड्याळ देणार आहे म्हणून सांगा!"

साखरपुड्याच्या जागी आमच्यात निश्चयतांबूल, त्याला शुक्रवार ठरला. मुहूर्त सव्वानऊ ते सव्वादहा. साडेदहाला राहुकाळ लागायचा, तो बारापर्यंत. दोन दिवस आधी तंजावरहून रावांची थोरली बहीण, सीतेची अत्ते, आली आणि तिनं सीतेला मागच्या खोलीत अक्षरशः कोंडून घातलं. तेल लाव, न्हाऊ घाल, हळद लाव, वेणी घाल, "उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर बघ" म्हणून दम दे. मुलगी दोनदा म्हणाली, "अत्ते, सकाळी पाच मिनिटं देवघरापाशी जाऊन येते." अत्ते म्हणाली, "देवाला तुझी काळजी आहे, तू नको करू."

शुक्रवारी सकाळी रावांची पूजा जरा लांबलीच. संकटनाशन, सहस्रनाम, वर आणखी एक स्तोत्र. उठून त्यांनी घड्याळ बांधलं, हात झोकात वर केला. घड्याळ टिकटिकत होतं. "छान! सात वाजलेत. मला वाटलं उशीर झाला," ते म्हणाले. तेव्हा आठ वाजून गेले होते, पण ते सांगायला घरात कुणाला उसंत होती?

नवाच्या ठोक्याला टॅक्सीतून मुलाकडची मंडळी उतरली. रावांनी हात वर केला आणि त्यांना उकळ्याच फुटल्या. "आठ! तासभर आधी आले, विशालाक्षी! बघ किती उतावीळ झालेत!"

"अहो, ऊन तर नवाचं दिसतंय," ती म्हणाली.

"उन्हाला कुणी स्विस कंपनीनं बनवलंय का?"

बैठक जमली. राजगोपालरावांनी भीत भीत आपल्या मनगटाकडे पाहिलं. "माझ्यात नऊ पाच झालेत बहुतेक..." सेतुमाधवरावांनी सोन्याचा हात त्यांच्या नाकासमोर धरला. राजगोपालराव ओशाळले. त्यांनी आपलं घड्याळ काढलं आणि मुकाट्यानं एक तास मागे केलं. ते पाहून त्यांच्या मेहुण्यानं आपलं मागे केलं, शेजारच्या दोघांनी केलं. घटकाभरात खोलीतलं एकूण एक घड्याळ चुकीचं झालं, आणि सगळी एकमेकांशी जुळायला लागली. मग शंकेला जागाच उरली नाही!

मंडळींना कॉफी दिली, उपमा दिला, पुन्हा कॉफी दिली. राव घड्याळाचं पुराण सांगत होते. गुंडोभटजींनी एकदा चुळबुळ करून अंगणाकडे मान वळवली आणि लगेच वेडेपणा केल्यासारखी परत आणली. अखेर राव म्हणाले, "नऊ पंचावन्न. घ्या तांबूल." ताटं उचलली, विडे-नारळ या हातातून त्या हातात गेले, लग्न ठरल्याची पत्रिका वाचली गेली, बायकांनी मंगलाक्षता टाकल्या. विशालाक्षीच्या डोळ्यांना धार लागली. चौथ्या खेपेला का होईना, सुटली बाई पोर!

एवढ्यात दारात सायकलची घंटी वाजली. "सार, पोस्ट!"

या पोस्टमनची ख्याती अशी, की गल्लीतल्या बायका त्याला बघून भाताखालचा जाळ कमी करीत. अकराच्या आत नाही, अकराच्या नंतर नाही. राव हसून म्हणाले, "काय रे बाबा, आज दहालाच?"

"दहा?" तो गोंधळला. मनगटावरचं काच तडकलेलं घड्याळ कानाला लावून बघत म्हणाला, "मणि पदिनोण्णु आच्चु, सार. अकरा वाजले."

आता सगळ्यांचे कान उघडले. शेजारून रेडिओ ओरडत होता, समोरच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली, अंगणातला खांब आपली आखूड सावली दाखवत उभा होता. सगळे एकदम साक्षीला आले, मेले! मघाशी कुठे गेले होते?

राजसबाईंनी मांडीवरचं ताट हळूच खाली ठेवलं. "म्हणजे राहुकाळात तांबूल झालं," त्या म्हणाल्या. "राजगोपाल, ऊठ."

"आई, थांब," राजगोपालराव अजीजीनं म्हणाले, "गुंडोभटजी, काही उपाय?"

गुंडोभटजींनी घसा खाकरला. उपाय नाही असं भटजी कधी म्हणतो का? "फसगतीनं झालेलं कर्म ते झालंच नाही. घड्याळ खोटं होतं असं यजमानांनी चारचौघांत स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तर तांबूल परत घेऊन बारानंतर पुन्हा देता येईल. अभिजित मुहूर्त आहे, उत्तम."

सगळ्यांच्या नजरा सेतुमाधवरावांकडे वळल्या. घड्याळ खोटं म्हणायचं, म्हणजे चार महिन्यांचा पगार खोटा, दोन वर्षांची मिजास खोटी. दाराच्या फटीतून विशालाक्षी बघत होती, तिचे हात आपोआप जोडले गेले होते. राव उभे राहिले. हात वर करायची सवय, तोही अर्धा वर गेला आणि खाली आला.

"माझं घड्याळ खोटं आहे," ते म्हणाले. "बंद पडतं. आणि मला कळत नाही."

बोलले बिचारे! पण बोललेलं तेवढ्यावर थोडंच थांबतं? मागच्या रांगेतून राघोत्तम उठला. त्याचं लग्न गेल्या वर्षी याच घड्याळावर लागलं होतं. "तरीच!" तो कपाळावर हात मारून म्हणाला. "मंगळसूत्र राहुकाळात गळ्यात पडलं! तरीच वर्षभर घरात रोज..."

"तरीच म्हणजे काय?" त्याची बायको भवानी बायकांच्या घोळक्यातून कडाडली. "रोज काय?"

मग एकच गलका. कुणाचं बारसं, कुणाची वास्तुशांत, कुणाची बढती हुकलेली, कुणाच्या सासूची दाढ. ज्याच्या घरात जे काही बिनसलं होतं ते सगळं रावांच्या मनगटावर येऊन बसलं. ते खाली मान घालून ऐकत होते. अकरा लग्नं!

तोच मागच्या खोलीचं दार उघडलं. जरीची साडी सावरत सीता बाहेर आली. अत्ते "अगो, थांब, थांब" करत मागून ओढतच होती.

"सगळी लग्नं वेळेवर लागली आहेत," ती म्हणाली. "अप्पा पूजेला बसले की मी रोज कोनाड्यातलं घड्याळ घेऊन रेडिओवर लावत होते. बाजूचं बटण फिरवून चावीही देत होते. दोन वर्षं. एक दिवस चुकले नाही. परवापासून मला खोलीबाहेर सोडलं नाही, म्हणून ते बंद पडलं. राघोत्तमदादा, तुमचं मंगळसूत्र आठ वाजून बारा मिनिटांनी पडलं, अगदी मुहूर्तावर. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

भवानी खुदकन हसली. राघोत्तम खाली बसला.

"मला का नाही सांगितलंस?" रावांनी विचारलं.

"सांगितलं होतं, अप्पा. पहिल्याच आठवड्यात." मग हळूच म्हणाली, "तुम्ही हात वर करून वेळ सांगत होता, तेव्हा फार आनंदात असायचा."

सेतुमाधवरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि ते कुणापासून लपवलं नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी तांबूल पुन्हा झालं. वेळ बघितली पोस्टमनच्या घड्याळात. त्याला उपमा खायला बसवून ठेवलं होतं, गल्लीचं टपाल तेवढं त्या दिवशी उशिरा पोचलं. निघताना राजसबाई म्हणाल्या, "जावयाला घड्याळ द्यायचं म्हणत होतात ना? ते राहू द्या. मुलगी येतेय, तेवढं पुरे."

तमिळांच्या आवणी महिन्यात, श्रावणाच्या सुमाराला, लग्न झालं. सीता गिंडीला गेली. दुसऱ्या दिवशी राव नेहमीसारखे पूजेवरून उठले, घड्याळ बांधलं, सवयीनं हात झोकात वर केला. काटा टिकटिकत होता. "बघ सीता, चालतंय की नाही!" असं मागच्या खोलीकडे तोंड करून त्यांनी म्हटलंही.

खोली रिकामी होती. मग राव चपला घालून शेजारच्या दारात गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याला विचारलं, "अहो, किती वाजले?"