गजाभाऊंना पाळण्यात बसवायचं की नाही

किस्से आमच्याकडे आपोआप साठतात, कोणी मुद्दाम जमवत नाही. दिवसभर माणसं येतात, किंचाळतात, उतरल्यावर "हॅट, काहीच नव्हतं!" म्हणत चपला शोधतात. संध्याकाळी शटर ओढताना आम्ही तिघं एकमेकांना सांगायचो, आज कोण काय बोललं. तिघं म्हणजे तिकिटाच्या खिडकीत वसीम, मशीनवर गजाभाऊ आणि गेटवर मी, सुनंदा. आता दोघंच उरलो. गजाभाऊंचे किस्से सगळ्यात जास्त आहेत, पण ते सुरू केले की अर्ध्यातच आमच्यातल्या कोणाला तरी काम आठवतं.

आज सगळे सांगते.

दिग्रसच्या बाहेर कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगची शेड आहे. तिच्यात आमच्या शेठने गेम झोन टाकला आणि मधोमध रोलर कोस्टर बसवला. छपराखालीच सगळा खेळ! आठ सीटची गाडी, दोन चढ, एक अंधारा बोगदा, दीड मिनिटात परत. बोर्डावर भलंमोठं इंग्रजी नाव आहे, ते अजून कोणी वाचलेलं नाही. लोक म्हणतात 'आतला पाळणा'. जत्रेतला तो बाहेरचा, हा आतला.

कोणाला बसू द्यायचं आणि कोणाला नाही, हे मी ठरवते. गेटवर पाच प्रश्नांची पाटी आहे. हृदयाचा त्रास? बीपी? कंबर-मानेचं दुखणं? दिवस गेलेत? दारू प्यायलात? पाचही 'नाही' आले की मी मनगटावर शिक्का मारते. त्याआधी जन्मात मला कोणी काही ठरवायला दिलं नव्हतं, त्यामुळे त्या शिक्क्याची मला फार ऐट होती.

*

महागावचे एक काका आले होते. सोयाबीन विकून खुशीत होते, सोबत नातेवाईक.

"काका, बीपी आहे का?"

"आहे ना!"

"मग नाही बसता येणार."

"काहून? मी तं घरी ठेवून आलो त्याले!"

"बीपी घरी ठेवला?"

"सकाळी गोळी घेतली नं बाई! गोळी घेतली का बीपी घरी!"

रांग हसायला लागली. मीही हसले, आणि खरं सांगते, शिक्का उचललाही होता. तेवढ्यात गजाभाऊ मशीन सोडून खाली आले. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच म्हणाले, "काका, थो घरी नाई राहत. मांगं मांगं येते."

काका भडकले. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "एवढा भेकड माणूस मशीनवर कायले ठेवला रे यायनं!"

*

भेकड हे नाव त्या दिवसापासून चिकटलं. माणूस खरंच जपून वागणारा होता. याच शेडमध्ये जिनिंग चालू होती तेव्हा ते फिटर होते, त्यामुळे यंत्र माणसाला कसं ओढून घेतं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. रोज सकाळी पाना घेऊन पूर्ण रुळावरून चालत जायचे, एकेक नट हाताने बघायचे. मग आठ सीटवर सोयाबीनचे आठ कट्टे, म्हणजे भरलेली पोती, ठेवायचे, प्रत्येकाला बेल्ट लावायचे आणि गाडी एकदा तशीच फिरवायचे.

एकदा बोगद्यात एक कट्टा फाटला. शेडभर सोयाबीन! गजाभाऊंनी गाडी थांबवली, ज्या पत्र्याची धार लागली तो पत्रा शोधला, ठोकून सरळ केला. तोपर्यंत बाहेर शाळेची सहल ताटकळत उभी. शेठ ओरडले, "गजानन, कट्टाच फुटला ना? माणूस तं नाई फुटला?"

"म्हणूनच कट्टे बसवतो, शेठजी. कट्ट्याच्या घरी रडाले कोणी नसते!"

वसीम हे वाक्य महिनाभर जो येईल त्याला ऐकवत होता.

*

गजाभाऊ स्वतः मात्र पाळण्यात कधीच बसले नाहीत. तीन वर्षांत एकदाही नाही! आम्हाला त्यात गंमत वाटायची, आणि नेमकं तेच पुढे महागात पडलं.

पुसद रस्त्यावरच्या तांड्यातून एक म्हातारी नातींना घेऊन आली. तिकिटं काढून झाली, शिक्के मारून झाले. ती बसली नाही. कमरेवर हात ठेवून तिने गाडीभोवती चक्कर मारली आणि गजाभाऊंसमोर येऊन उभी राहिली.

"तू चालवते का हे?"

"हो, माय."

"तू बसला का कधी याच्यात?"

गजाभाऊंना खोटं बोलता येत नव्हतं. "नाई बसलो," म्हणाले.

म्हातारीने नातींचे हात धरले. "रांधणाराच जेवून नाई राह्यला, तं आमी कायले जेवू?" तिच्यामागे रांगेतली दहा-बारा माणसंही निघाली. नेमके त्याच वेळी शेठ ऑफिसातून बाहेर येत होते!

*

दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला. कट्टे बंद. सोमवारपासून रोज सकाळची पहिली फेरी गजाननने स्वतः बसून करायची, तीही लोकांसमोर. जमत नसेल तर दुसरीकडे काम बघावं.

त्या वयात दुसरीकडे कुठलं काम? गजाभाऊंनी दिवस ढकलायला सुरुवात केली. सोमवारी चतुर्थी होती, "उपाशी पोटी नाई बसत." मंगळवारी कंबर धरली. बुधवारी चष्मा घरी राहिला. "चष्मा कायले लागते हो, बोगद्यात वाचन करता का?" वसीमने विचारलं. गुरुवारी कारण सुचलंच नाही, तेव्हा ते रुळाखाली जाऊन बसले आणि दुपारपर्यंत ग्रीस लावत राहिले.

आम्ही त्यांना सोडलं नाही. मी सोडलं नाही, हे जास्त खरं. "वहिनींना नाही भीत, अन् पाळण्याला भिता?" असं मी दिवसातून चारदा म्हटलं असेल. नोकरी वाचावी म्हणूनच म्हणत होते. पण मजाही येत होती, ते कशाला लपवू!

*

शुक्रवारी शेठ खुर्ची टाकून समोर बसले. पंधरा-वीस माणसं जमलेली. आता टाळता येत नव्हतं. मी म्हटलं, चला, कायद्याने करू. गजाभाऊंना गेटवर उभं केलं आणि सगळ्यांना विचारते तसे पाच प्रश्न विचारले.

"हृदयाचा त्रास?"

"दाखवलंच नाई कधी, तं काय सांगू?"

"म्हणजे नाही. बीपी?"

"मोजला नाई."

"नाही. कंबर?"

"बुधवारी बरी झाली." लोक हसले.

"दिवस गेलेत?" यावर शेठसुद्धा हसले.

"दारू?"

"ताई, तुमाले माहीत आहे, शिवत नाई."

पाच झाले. मी शिक्का शाईत बुडवला. तेव्हा ते माझ्याकडे वाकून, फक्त मला आणि वसीमला ऐकू येईल असं म्हणाले, "बाकी काई नाई, ताई. जीव घाबरते फक्त. चढावर सायकल आणतो तरी घाबरते."

आता हे नीट सांगितलं पाहिजे. आमच्याकडे घरात कोणी "जीव घाबरते" म्हटलं तर त्याचा भीतीशी काही संबंध नसतो. छातीत कसंसं होतंय, श्वास पुरत नाही, घाम सुटलाय, असं ते दुखणं असतं. माझे सासरे असं म्हणाले होते तेव्हा मीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. पण पाळण्याच्या गेटवर हाच शब्द दिवसातून पन्नास जण बोलतात. पोरी बोलतात, नवे जावई बोलतात, आणि आम्ही म्हणतो, "घाबरू नका, दीड मिनिटात संपतं!" तीन वर्षं ते ऐकून माझ्या कानात त्या शब्दाचा एकच अर्थ उरला होता. त्यांनी चढ सांगितला, सायकल सांगितली, तरी मला दुसरा अर्थ ऐकू आला नाही.

"गजाभाऊ, घाबरू नका. दीड मिनिटात संपतं!" मी म्हटलं आणि त्यांच्या मनगटावर शिक्का मारला.

*

त्यांनी चपला काढून जोडीने ठेवल्या. पुढच्या सीटवर बसले. बेल्ट स्वतः लावला, दोनदा ओढून पाहिला, मग त्यांच्या जागी मशीनवर गेलेल्या वसीमला म्हणाले, "हळू सोडजो बे."

गाडी चढली, उतरली, बोगद्यात गेली, बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शेठनेही वाजवल्या. गाडी फलाटाला लागली. गजाभाऊ मान खाली घालून बसून राहिले.

"उतरा ना आता, हार घालू का?" वसीम ओरडला.

मीसुद्धा हसत होते. किती वेळ हसत होते ते मला आजही नक्की सांगता येत नाही. बेल्ट मीच उघडला, आणि ते माझ्या खांद्यावर कलले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हे आजचं दुखणं नव्हे, बरेच दिवसांचं असेल, पाळणा फक्त निमित्त. शेठने हे वाक्य पाठ करून टाकलं. जो भेटेल त्याला सांगत होते, "निमित्त हो, निमित्त!" मला मात्र त्यांच्या मनगटावरचा निळा शिक्का दिसत होता. तो पुसायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, तो तसाच गेला त्यांच्यासोबत.

*

चौथ्या दिवशी मी पेंटरला बोलावलं आणि पाटीवर सहावा प्रश्न लिहून घेतला: जीव घाबरते का?

लोक वाचून हसतात. एक नवरदेव म्हणाला, "थो तं मांडवातच घाबरला, आता काय राह्यलं!" मी हसत नाही. 'हो' म्हणणाऱ्याला परत पाठवते. पहिल्याच रविवारी सगळी रांग परत गेली. शेठ डोक्याला हात लावून म्हणाले, "सुनंदाबाई, असं विचारलं तं जिल्ह्यातला एक माणूस नाई बसणार!"

"नाही बसला तर जिवंत राहील," मी म्हटलं. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. प्रश्न पाटीवर आहे.

*

तेरवी झाल्यावर एका दुपारी गजाभाऊंची बायको, शोभावहिनी, आली. एकटीच, एसटीने. त्यांचे पाने आणि डबा न्यायला. मी सामान पिशवीत भरत होते, तोवर ती गेटशी उभी राहून पाटी वाचत होती. तिला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवत ठेवत ती शेवटच्या ओळीवर आली आणि तिथेच थांबली. तिथला रंग नवा होता.

"ताई, हे मांगून लिवलं का?"

"हो, वहिनी."

"त्याइच्यासाठी?"

मी मान हलवली. खिडकीतून वसीम बघत होता.

तिने पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "त्यायनं सांगतलं होतं का तुमाले कधी? जीव घाबरते म्हणून?"

वसीम उठला आणि खिडकी बंद करून घेतली.

"नाही, वहिनी," मी म्हटलं. "कधीच नाही. कोणालाच नाही."

तिने मोठा श्वास सोडला, आणि आल्यापासून पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

"मंग बरं झालं बाई," ती म्हणाली. "मले वाटे, साऱ्याइले सांगतलं अन् फक्त मलेच नाई सांगतलं."