थर काही बसेना

चार कारखानदार जमले की जो तो आपल्या मालाच्या बढाया मारतो. आमच्याकडे बढाईला काही नाही. लाज मात्र पोतंभर आहे! सांगायला बसलं की एकातून एक निघतच राहते.

सत्तरच्या दशकात मी कुपवाडला अण्णांच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. अण्णा साताऱ्याकडचे, मिलिटरीतून रिटायर झालेले. आम्ही चिनी मातीचे फ्यूज बनवायचो. पुण्याच्या एका साहेबांनी अण्णांना भलतंच काम दिलं. इंजिनात चिनी मातीचे भाग बसवायचे होते, पण ते आत किती तापतात हे कळायला हवं. म्हणून त्या भागावरच धातूचा पातळ थर द्यायचा; तो तापला की मीटरची सुई हलणार. थर इतका पातळ की कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढे गोधडी!

थर बिनहवेच्या हंडीत द्यायचा, म्हणून अण्णांनी हवा काढायचा पंप आणला, काचेची हंडी आणली, फ्यूजची निम्मी कामं सोडली. नमुना पास झाला तर कारखाना तरणार, नाहीतर कुलूप.

*

थर द्यायचा, भट्टीत घालायचा, की तो सोलून यायचा. एकदा साहेबांनीच भिंगातून पाहिलं. "इथे अंगठा उमटलाय. तेलकट आहे."

टेबलावर भडंगाची पुडी उघडीच होती. अण्णांनी सगळ्यांना रांगेत उभं करून बोटं हुंगली. शेवटी स्वतःची हुंगली आणि पुडी बांधायला घेतली!

*

थर देणारा आमचा फिटर दिलीप. त्याच्यासाठी कराडची मुलगी बघायला मी बरोबर गेलो. मुलीच्या मामांनी विचारलं, "पोरगा बनवतो काय?"

मी ऐटीत म्हणालो, "डोळ्यांना जाडी दिसणार नाही असा थर."

"आनि पगार? त्यो तरी दिसतो का?"

दिलीप पोह्यांच्या बशीत बघत राहिला. मीही. आजही आठवलं की कान तापतात.

*

खंडेनवमीला अण्णांच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या वहिनींनी, लेथ पुजला, पंप पुजला आणि पुण्याला जायच्या तयार तुकड्यांवरही ओल्या कुंकवाची बोटं उठवली. अण्णा ओरडले, तर म्हणाल्या, "आवं, आईची पूजा करायची आनि लेकराला सोडायचं व्हय?"

अण्णांनी साहेबांना फोन लावला. "साहेब, माल जरा लांबतोय." कारण विचारल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी काय सांगणार, कपाळ?

*

अण्णांचे सासरे दहिवडीहून आले. त्यांनी एक तुकडा उचलला, त्यावरचा थराचा करडा पट्टा पाहिला, थुंकी लावली आणि धोतराच्या सोग्याने घासून पांढराशुभ्र केला.

"जावईबापू, कारखाना जरा सोच्छ ठेवत चला!"

अण्णा म्हणाले, "व्हय मामा. लय झ्याक झालं."

*

शेवटी नमुना बघायला साहेब पुन्हा आले. आता नापास झालो तर संपलंच. भट्टी भिंतीपलीकडे, मीटर अलीकडे ऑफिसात, मधून वायर. त्या दिवशी वीज नव्हती, म्हणून रॉकेलची भट्टी. अण्णांनी भट्टीवाल्याला हाळी दिली, "शिवा, पेटीव रं!"

थोड्या वेळाने सुई हलली. दोनशे. चारशे. सहाशेवर जाऊन ठाम उभी राहिली!

"बसला गड्या, थर बसला!" अण्णांनी मला मिठीच मारली. त्यांचे डोळे भरले होते. साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. "इतका पक्का थर मी पाहिला नव्हता," म्हणाले आणि सही करायला पेन उघडलं.

तेवढ्यात शिवा घामाघूम होऊन दारात आला. हातात डबा.

"आण्णा, रॉकेल गावलं एकदाचं. पेटवू का आता भट्टी?"