पस्तीस किलोच्या आत

बेलापूरच्या पुढं, प्रवरेच्या कडेला असलेल्या त्या गावात पुष्पावतीच्या दारावरून उपाशी जायची कुणाची टाप नव्हती. पोस्टमन येवो, मीटरवाला येवो, नाहीतर वाट चुकलेला पाहुणा. बाई आधी ताट वाढायची आणि मग काय काम काढलंत म्हणून विचारायची. पण हा सगळा वरवरचा सराव. तिचा खरा जीव अडकला होता तुषारच्या ताटात.

तुषार तिचा थोरला. सातव्याच महिन्यात जन्मलेला, एवढुसा. नर्सबाईंनी कापसात गुंडाळून हातात दिला तेव्हा सासूनं तोंड फिरवून डोळे पुसले होते. ते पुष्पावतीनं पाहिलं आणि तिथंच पदर खोचला. तेव्हापासून बारा वर्षं ती या पोराला भरवत आली होती. दूध, तूप, डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, काही म्हणून सोडलं नाही. पोरगं मात्र काटकुळं ते काटकुळंच. शेजारणी विचारायच्या, अगं, एवढं खातंय ते जातंय कुठं? हे ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दर बाजारच्या दिवशी ती तुषारला आडत्याच्या काट्यावर उभा करायची, सोयाबीनच्या दोन पोत्यांच्या मध्ये, आणि आडत्या आकडा सांगेपर्यंत श्वास रोखून धरायची.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर एकदाचा काटा पस्तीस किलोच्या पुढं सरकला. पुष्पावतीनं आळीभर पेढे वाटले. तिचा नवरा सहादेव, साखर कारखान्यात कामाला होता, तो म्हणाला की पोरगं चौथी पास झालं तेव्हा हिनं साधा गूळ वाटला नव्हता. बाईनं त्याच्याही तोंडात पेढा कोंबला आणि विषय मिटवला.

आणि नेमके त्याच आठवड्यात शाळेचे जालिंदर सर दारात उभे. कबड्डीचा संघ त्यांनीच बांधला होता. जानेवारीत राहुरीला पस्तीस किलो वजनगटाच्या स्पर्धा होत्या. तुषार डाव्या कोपऱ्यावर पकड करायचा; पायाला मिठी मारली की समोरच्या गड्याच्या बापाला सुटायची नाही. सरांनी दोन बशा पोहे खाल्ले, चहा घेतला आणि मग हळूच सांगितलं, की तुषारचं वजन एक किलोनं उतरवावं लागेल. पस्तीसच्या वर काटा गेला की गडी बाद.

पुष्पावतीला आधी वाटलं सर चेष्टा करतायत. वजन उतरवायचं? तिनं आयुष्यात असलं काही ऐकलं नव्हतं. पण दारामागं तुषार हात जोडून उभा होता. त्याला खेळायचं होतं, दुसरं काही नको होतं. एवढ्या गावातून सात गडी निवडले आणि त्यात आपलं सातमाशी पोरगं, या विचारानं तिलाही भरून आलं. "बरं सर, उतरवते," ती म्हणाली.

म्हणाली खरं. पण रात्री पोरानं एका भाकरीवर हात धुतला की हिचा हात आपसूक तुपाच्या वाटीकडं जायचा. मग तिनं आपली युक्ती काढली. घरी ताटात कमी वाढायचं, सरांना दाखवायला, आणि शाळेच्या डब्यात भाकरीच्या पापुद्र्याच्या आत तूप सोडायचं. तळाला लाडू, वर भाजी, बघणाऱ्याला संशय नको. डबा रोज चाटूनपुसून लख्ख रिकामा यायचा. बाई मनातल्या मनात खूश. खेळेल तेव्हा खेळेल, पोर जगलं पाहिजे.

पण झालं भलतंच. आडत्याच्या काट्यावर तुषार उतरत चालला. सर खूश, तुषार खूश, आणि पुष्पावतीची झोप उडाली. एवढं तूप जातंय कुठं? तिनं जंताचं औषध पाजलं, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, मिरच्यांचा ठसका उठेना म्हणून पुन्हा काढली. शेवटी डबाच मोठा केला, तीन कप्प्यांचा. तोही लख्ख रिकामा आला.

स्पर्धेच्या दिवशी छगनच्या टेम्पोत सगळा संघ निघाला. बरोबर दोन आया होत्या, पुष्पावती आणि झुंबरबाई. झुंबरबाईचा गहिनीनाथ म्हणजे तुषारचा जिवलग दोस्त आणि संघाचा हुकमी गडी. चढाईला गेला की दोघातिघांना मारूनच परतायचा. पहिल्यापासून तो पस्तीसच्या चांगला खाली, म्हणून सरांनी त्याला काट्यावर घ्यायची तसदीच घेतली नव्हती. पुष्पावतीच्या मांडीवर तिचा सगळ्यांत मोठा डबा होता. वजन झाल्यावर पोरांना लागेल, असं ती सरांना दोनदा सांगून चुकली होती.

राहुरीच्या मैदानात वजन सुरू झालं. तुषार काट्यावर चढला. साडेचौतीस! पोरांनी टाळ्या पिटल्या. मग गहिनीनाथ चढला, हसत हसत, आणि काटा पस्तीस ओलांडून थोडा पुढं जाऊन थांबला. पंचांनी त्याला उतरवून पुन्हा चढवलं. बनियन काढलं. काटा हलेना.

जालिंदर सरांचा चेहरा पांढराफटक पडला. गहिनीशिवाय संघ म्हणजे नुसती गर्दी. त्यांनी झुंबरबाईला विचारलं, पोराला चारलंत तरी काय? बाई भडकली. म्हणाली, माझ्या घरी तर रात्री ताटावर बसतच नाही, पोट भरलंय म्हणतो, मीच काळजीनं अर्धी झाले. गहिनीनं हळूच तुषारकडं पाहिलं. तुषारनं मान खाली घातली.

"आई, तुझा डबा हाच खायचा," तो म्हणाला. "मी याच्या डब्यातली अर्धी भाकर खायचो. मला उतरायचं हुतं ना."

पुष्पावतीला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. आपण फसवले गेलो याचा राग आला, आपल्यामुळं संघ बुडाला याची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी थोडा आनंदही झाला. बारा वर्षांत पहिल्यांदा तिचं तूप कुणाच्या तरी अंगी लागलेलं काट्यावर दिसत होतं. तो आनंद तिनं पटकन गिळला, कारण झुंबरबाई कंबरेवर हात ठेवून समोर उभी होती.

वजनाची वेळ संपायला अजून अर्धा-पाऊण तास होता. सरांनी आधी पुष्पावतीच्या हातातला डबा हिसकावला, छगनच्या हवाली केला आणि बजावलं की हा माझ्या नजरेसमोर नको. मग गहिनीच्या अंगात दोन स्वेटर चढवले, वरून टेम्पोतलं घोंगडं, आणि पळ म्हणाले. पोरगं एक फेरी पळालं आणि उन्हात मटकन बसलं. एकट्यानं पळायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

तेव्हा पुष्पावतीनं पदर खोचला. चपला काढल्या. "ऊठ रं माझ्या राजा," ती म्हणाली. "म्या चढवलंय, म्याच उतरवते." आणि लुगड्याचा ओचा सावरत बाई मैदानाला फेऱ्या मारू लागली. मागं घोंगड्यात गहिनी, त्याच्यामागं तुषार, आणि अर्ध्या फेरीनंतर झुंबरबाईसुद्धा, शिव्या देत देत. बाकीच्या गावांचे संघ सराव सोडून बघत राहिले. कुणीतरी हलगी वाजवायला सुरुवात केली. पुष्पावतीच्या बरगड्या दुखायला लागल्या, अंबाडा सुटला, पण ती थांबली नाही.

शेवटच्या घडीला गहिनी निथळत काट्यावर चढला. काटा पस्तीसावर थरथरला आणि टेकला. पंच म्हणाले, चालेल.

पहिला सामना त्यांनी जिंकला. गहिनीनं चढाया गाजवल्या, तुषारनं कोपऱ्यावरून चार गडी लोळवले. दुसऱ्यात कोपरगावकडच्या एका संघानं त्यांची पार धूळधाण केली. पोरांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. ती मातीनं माखून लिंबाखाली येऊन पडली, आणि तुषार लंगडत आईजवळ आला.

"आई, लई भूक लागली."

पुष्पावती बघतच राहिली. बारा वर्षांत हे वाक्य तिनं कधी ऐकलंच नव्हतं. ऐकणार कसं? भूक लागायला तिनं त्याला वेळच कधी दिला होता? ती लगबगीनं टेम्पोकडं धावली. छगन चाकाला टेकून ढेकर देत होता. तीनही कप्पे लख्ख. सरांनी नजरेसमोर नको म्हणून सांगितलेलं, म्हणून संपवला, असं तो अगदी भाबडेपणानं म्हणाला.

ती रिकाम्या हातानं परत आली. जन्मात पहिल्यांदा पोरगं आपणहून मागत होतं आणि तिच्याजवळ त्याला द्यायला घास नव्हता. तिला रडूच कोसळलं असतं, पण तेवढ्यात झुंबरबाईनं आपलं फडकं सोडलं. सकाळच्या वातड भाकरी आणि ठेचा. तूप नाही, लाडू नाही. तुषारनं विचारलंसुद्धा नाही. मांडी घालून बसला आणि खात सुटला. दुसरी मागून घेतली, तिसरीही घेतली. कुणी भरवत नव्हतं, कुणी दटावत नव्हतं, कुणी मागं वाटी घेऊन पळत नव्हतं.

"तू पन घे की गं पुष्पा," झुंबरबाई म्हणाली. "पळालीस लई."

पुष्पावती बसली. दुसऱ्याच्या हातचं तिला सहसा गोड लागत नसे. तिनं एक घास मोडला, ठेच्याला लावला, तोंडात घातला आणि तुषारच्या हलणाऱ्या जबड्याकडं पाहत चावत राहिली. ठेच्यात मीठ कमी होतं. तिनं दुसरा घास मोडला.