उसनं पत्र

त्या शाळेत परीक्षा नव्हती, नंबर नव्हता, छडी तर नव्हतीच. दहा-बारा पालकांनी एकत्र येऊन, कुणाच्या अनुदानाची वाट न बघता, फर्निचरच्या एका बंद पडलेल्या गोदामात ती सुरू केली होती. भिंतींना अजूनही लाकडाच्या पॉलिशचा वास यायचा. शिक्षकांना ताई-दादा म्हणायचं आणि खुशाल अरे-तुरे करायचं, असा तिथला नियम. प्रगतिपुस्तकाऐवजी वर्षाच्या मध्यावर प्रत्येक मुलाच्या घरी एक पत्र जायचं. हाताने लिहिलेलं, पानभर, फक्त त्या एका मुलाविषयी. वर्षाच्या शेवटी मुलं शिक्षकांना उलट लिहायची, त्याला सगळे परतीचं पत्र म्हणत. कुणी नवा पालक चौकशीला आला की शाळेचे प्रमुख, म्हणजे थोरले दादा, छाती पुढे काढून सांगायचे, "आमच्याकडे मुलं मोजत नाहीत, बघतात."

आणि बघण्यात ज्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं त्या अक्षरताई. वय एक्कावन्न, शाळेत अठरा वर्षं. नाव पडलं ते अक्षरामुळे. त्यांचं पत्र म्हणजे मोत्यांची ओळ आणि मजकूर असा की वाचताना बापमाणसंही चष्मा पुसायची. लोक ती पत्रं जपून ठेवत, पाहुण्यांना दाखवत. ताईंना हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं वागणंही त्यांना छान जमायचं.

त्यांची पद्धत ठरलेली. एक जाड वही, प्रत्येक मुलाला त्यात एक पान. दिवसभरात काही दिसलं की टिपून ठेवायचं, आणि मध्यावर त्या पानावरून पत्र उतरवायचं. त्या वर्षी वर्गात चौदा मुलं होती. तेरा पानं भरून समासापर्यंत गेली होती. चौदाव्या पानावर मुलीचं नाव, शाळेत आल्याची तारीख, आणि त्याखाली एकच शब्द होता. 'शांत.'

ही मुलगी त्याच वर्षी आलेली. नऊ वर्षांची, खिडकीजवळ बसणारी. तिची आई समोरच्या गल्लीत लाँड्री चालवायची. धुण्यात कपड्यांची जी बटणं तुटून पडत ती मुलगी खिशात घालून फिरायची, म्हणून पोरांनी तिचं नाव बटण ठेवलं. तिने ते मान्य केलं की नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. तिने सांगितलंही नाही. पाच महिन्यांत ती वर्गात किती वाक्यं बोलली असेल, तर एका हाताची बोटं पुरली असती.

पत्रं द्यायच्या आदल्या दुपारी ताई त्या कोऱ्या पानासमोर बसल्या. बटण कशी हसते? आठवेना. डबा कुणाबरोबर खाते? आठवेना. उंच आहे की ठेंगणी, याच्यावरसुद्धा त्या अडल्या. तास गेला. तेव्हा सरळ उठून अंगणात जायचं आणि मुलीशेजारी जाऊन बसायचं, एवढंच करायला हवं होतं. पण आपण अठरा वर्षं बघतो आहोत आणि एक मूल आपल्याला दिसलंच नाही, हे स्वतःशी कबूल करायला कोण तयार असतं? ताईंनी कपाटातून जुन्या पत्रांच्या नकलांची फाइल काढली. सहा वर्षांपूर्वीच्या एका मुलीचं पत्र त्यांना आवडलं. ते त्यांनी सुंदर अक्षरात जसंच्या तसं उतरवलं आणि नाव बदललं. कुणाचं काय बिघडणार आहे, असं म्हणून पाकीट बंद केलं.

त्या पत्राची सुरुवातच अशी होती: 'तुमची मुलगी वर्गात यायच्या आधी तिचं हसू आत येतं, आणि मग मागून ती.'

दोन दिवसांनी बटणची आई वर्गाच्या दारात उभी. हात ओले होते म्हणून पाकीट पदराच्या टोकात धरलेलं.

"ताई, मी वाचलं. चारदा वाचलं." ती म्हणाली. "घरी तोंडातून शब्द काढत नाही हो ती. मला वाटायचं, माझंच काही चुकलं. दिवसभर इस्त्रीपाशी असते मी, बोलायला वेळ कुठे. पण इथे येऊन हसते म्हटल्यावर जिवात जीव आला." मग तिने विचारलं, "खरंच हसते का हो?"

सांगायची संधी ती हीच. ताईंनी टेबलावरचे खडू सरळ केले आणि म्हणाल्या, "लिहिलंय ना मी."

खोटं तर बोलल्या नव्हत्या, नाही का? लिहिलंच होतं. वेळ मारून नेली. ती बाई पाठमोरी गेली तेव्हा मात्र ताईंचे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरत होता. दाराबाहेरून आवाज आला, "हा हा हा." धड्यात छापलेलं असावं तसं, एकेक अक्षर सुटं. सगळ्यांच्या माना वळल्या. मागून बटण आत आली, चेहरा गंभीर, दप्तर सरळ. जागेवर जाऊन बसली.

पोरं खो खो हसली. ताईंच्या लक्षात आलं. पत्र आईने घरी मोठ्याने वाचलं असणार, आणि पोर त्यात लिहिलेल्या मुलीसारखी व्हायला निघाली होती. तिसऱ्या दिवशीही 'हा हा हा', चौथ्या दिवशीही. सुट्टी सोडून नऊ दिवस हे चाललं. रोज सकाळी ताई फळ्याकडे तोंड करून तारीख लिहायच्या आणि तो आवाज पाठीवर घ्यायच्या. वळून बघायची हिंमत होत नव्हती. बघण्यात पटाईत म्हणे!

नवव्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत ताई खिडकीच्या आत वह्या लावत होत्या. बाहेर ओट्यावर दोन मुली. एक बटण, दुसरी जिला सगळे रेडिओ म्हणत ती, कारण ती बंद होत नसे. रेडिओच्या हातात ते पत्र होतं. बटण दप्तरात घेऊन फिरत होती वाटतं.

"अगं, हे माझ्या मोठ्या बहिणीचं पत्र आहे!" रेडिओ ओरडली. "आमच्या कपाटात आहे. हेच, हसू आधी येतं आणि मागून ती. मला पाठ आहे!"

ताईंच्या हातातल्या वह्या हातातच राहिल्या. जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं त्यांना झालं.  मग बटणचा आवाज आला, अगदी साधा. "असेल. कुणाला सांगू नको."

"का?"

"हे घे." खिशातून काहीतरी निघालं. "कोटाचं आहे. सोनेरी."

त्या एका सोनेरी बटणावर रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली, आणि गप्पच राहिली. दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेरचं 'हा हा हा' बंद झालं.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याच आठवड्यात ताई लाँड्रीत गेल्या. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून कपाटातली एक चादर घेतली. दुकानात वाफ, साबणाचा वास, तारेवर शर्टांची रांग. आणि इस्त्रीच्या टेबलामागे, नजरेच्या टप्प्यात, ते पत्र. प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीला चिकटवलेलं. दप्तरातून सुटून ते आता इथे आलं होतं.

"याच त्या," बटणची आई एका गिऱ्हाइकाला म्हणाली. "यांचं अक्षर बघा. आणि लिहिलंय काय, ते बघा."

गिऱ्हाइकाने वाचलं, वा वा केलं.  चादर देऊन त्या परत आल्या. पुढच्या आठवड्यात दुसरी चादर. मग पडदे, मग निळा स्वेटर. प्रत्येक वेळी वाक्य घरून घोकून जायचं आणि दुकानाच्या पायरीवर सांडायचं.

"आता पायपुसणीही इस्त्रीला देणार का?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"दिली तर काय बिघडलं?" ताई एवढ्या जोरात म्हणाल्या की तो बिचारा पेपरमागे लपला.

तिकडे थोरल्या दादांनीही हातभार लावला. पालकांच्या सभेत त्यांनी नेमकं तेच पत्र वाखाणलं. लाँड्रीत शर्ट टाकायला गेले असताना वाचलं होतं म्हणे. "याला म्हणतात बघणं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई मान खाली घालून बसल्या होत्या. लोकांना वाटलं, किती हा विनय.

त्या आता बटणकडे बघायला लागल्या होत्या, हेही खरं. चौदावं पान भरत होतं. बटण कात्री डाव्या हाताने धरते. कुणी रडत असेल तर जवळ जात नाही, पण त्याचं दप्तर उचलून जागेवर ठेवते. नोंदी चांगल्या होत्या, पण उशिराच्या. प्रत्येक नोंद लिहिताना ताईंना चोरी करून माल परत आणून ठेवणाऱ्यासारखं वाटायचं.

वर्ष संपलं. शेवटच्या दिवशी मुलांनी परतीची पत्रं टेबलावर ठेवली आणि सुट्टीवर पळाली. ताईंनी तेरा पत्रं आधी वाचली. ताई तू छान आहेस, ताई तू गोष्टी छान सांगतेस. मग चौदावं उघडलं. आत एक निळं बटण दोऱ्याने कागदाला शिवलेलं होतं.

'ताई, हे तुझ्या स्वेटरचं वरून तिसरं बटण आहे. आमच्याकडे पडलं. तू खडू मोडतेस आणि लहान तुकड्याने लिहितेस, मोठा आम्हाला देतेस. तू खोटं बोलताना खडू सरळ करतेस. दुपारी तुझा उजवा पाय दुखतो तेव्हा तू फळ्याला टेकतेस. तू माझ्याबद्दल लिहिलं नाहीस कारण मी तुला दिसले नाही. मी तुला रोज बघते म्हणून मला लिहिता आलं. आईला सांगू नको. तिला ती मुलगी आवडते.'

ताई रिकाम्या वर्गात रडल्या. लाजेने रडल्या, आणि त्या रडण्याने काही हलकं वाटलं नाही.

मूल सांगू नको म्हणतं, तर ऐकावं का? तासभर त्यांनी स्वतःशी वाद घातला. ऐकणं सोयीचं होतं, फार सोयीचं होतं, आणि त्यावरूनच त्यांना उत्तर कळलं. घरी जाऊन, सवयीने, हाताला लागली ती चादर उचलली आणि त्या लाँड्रीत गेल्या. मुलगी मावशीकडे गेली होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"ते पत्र तुमच्या मुलीचं नाही," त्या पायरीवरूनच म्हणाल्या, पुन्हा सांडू नये म्हणून. "दुसऱ्या मुलीचं आहे. मी उतरवून काढलं. मला तुमच्या मुलीबद्दल काही माहीत नव्हतं."

बटणची आई इस्त्री फिरवत राहिली. एक बाही झाली, दुसरी झाली. मग तिने इस्त्री उभी केली आणि विचारलं, "मग माझी कशी आहे?"

ताईंनी परतीचं पत्र पुढे केलं. ते तिने सावकाश, ओठ हलवत वाचलं. शेवटच्या ओळीवर ओठ थांबले. तिने भिंतीवरच्या प्लॅस्टिककडे बघितलं.

"मी रोज म्हणायचे तिला," ती हळूच म्हणाली. "शाळेत हसतेस तशी घरी का नाही गं हसत. रोज म्हणायचे, ताई."

"चूक माझी आहे."

"हो," ती म्हणाली. तेवढंच. मग तिने परतीचं पत्र घडी घालून स्वतःपाशीच ठेवलं, आणि ताईंना ते मागायचा धीर झाला नाही. त्या निघाल्या. चादर काउंटरवर राहिली हे त्यांना कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं. परत फिरता आलं नाही. पूर्ण सुट्टीभर त्या बाजारात जायला लांबच्या रस्त्याने गेल्या.

शाळा पुन्हा उघडली. थोरल्या दादांना ताईंनी सुट्टीतच सगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी 'बघतात'वालं वाक्य निदान त्या दिवशी तरी गिळलं होतं. वर्ग भरत होता. बटण आत आली ती आवाज न करता, आणि खिडकीकडे न जाता सरळ टेबलापाशी आली. तिने दप्तरातून चादर काढून ठेवली. नेली होती तशीच, त्याच घड्या, त्याच सुरकुत्या.

"ताई, तुझी चादर," ती म्हणाली. "आईने इस्त्री नाही केली. ती म्हणाली, ताईंच्या सगळ्या चादरी आधीपासूनच धुतलेल्या असायच्या."

ताईंचा हात खडूंकडे गेला. बटणची नजरही खडूंवर गेली. ताईंनी हात मागे घेतला.

"हो," त्या म्हणाल्या. "धुतलेल्याच असायच्या."

बटणने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली.